ओझरचं विमान आणि अगत्तीचं बेट

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. विषय विमानाचा आहे, पण लगेच पुढे सरकू नका, कारण विमानतळ आपल्याच तालुक्याच्या अंगणात आहे.

ओझरवरून नवीन विमान सुरू झालं की आपल्या सगळ्या ग्रुपवर दोन दिवस धुमाकूळ असतो. पाण्याचे फवारे मारून स्वागत, केक, रिबीन, पुढाऱ्यांचे फोटो, "नाशिकच्या विकासाला नवे पंख". कोणी प्रयत्न केले यावर श्रेयाची मारामारी. आणि तेच विमान वर्षा-दोन वर्षांनी बंद होतं, तेव्हा? पेपरात आतल्या पानावर चार ओळी. त्या दिवशी श्रेय घ्यायला कोणी येत नाही. मला आज त्या चार ओळींबद्दल बोलायचंय. नवीन विमान कधी, कुठलं, हे आपण बरंच विचारलं. आता सुरू केलेलं विमान किती वर्षं चालवणार आणि ते बंद करायची परवानगी कोण देतं, हे विचारायची वेळ आलीय.

आधी थोडा इतिहास. ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ साली आला, मिग विमानं बनवायला. म्हणून आजही आपण "ओझर मिग" म्हणतो. मिग गेली, सुखोई आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे बनलेल्या पहिल्या तेजसने उड्डाण केलं. म्हणजे साठ वर्षं आपल्या डोक्यावरून लढाऊ विमानं उडतायत. धावपट्टी तीन किलोमीटरची, मोठं प्रवासी विमान आरामात उतरेल अशी. पण साध्या माणसाला तिकीट काढून बसता येईल असं टर्मिनल व्हायला २०१४ साल उजाडलं. राज्य सरकारने, म्हणजे तुमच्या-आमच्या पैशातून, जानोरीच्या अंगाला चकाचक टर्मिनल बांधलं. उद्घाटन झालं मार्चमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर. आणि त्यानंतर? त्यानंतर बराच काळ तिथे विमानापेक्षा झाडूवाले जास्त दिसायचे. नियमित विमान नाही, टर्मिनल मात्र झगमगीत.

मग आली उडान योजना. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली, एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली पहिलं विमान उडालं. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, वगैरे. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं छोटं विमान आलं. वीस सीटसुद्धा नव्हत्या त्यात. नाशिक-मुंबई, नाशिक-पुणे. फेऱ्या रद्द, वेळा बदललेल्या, आणि थोड्याच काळात सगळं शांत. जून २०१८ मध्ये जेटने दिल्ली सुरू केली. विमान बऱ्यापैकी भरत होतं, पण एप्रिल २०१९ मध्ये कंपनीच झोपली. २०१९ मध्ये ट्रूजेट अहमदाबादला जायला लागलं, अलायन्स एअर आली. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या घोडावतांच्या स्टार एअरने बेळगाव सुरू केलं. २०२२ उजाडलं आणि ट्रूजेट कंपनी बंद. त्याच वर्षी अलायन्स आणि स्टार एअरनेही इथून गाशा गुंडाळला. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने नागपूर, गोवा, अहमदाबाद सुरू केलं आणि तेव्हापासून ओझर जरा स्थिरावल्यासारखं वाटतंय.

वाटतंय म्हणतोय मी. कारण एकाच कंपनीच्या मर्जीवर सगळं चाललंय, आणि मर्जी बदलायला एक वेळापत्रक पुरतं.

हे फक्त आपल्या नशिबी आहे असं नाही. कॅगने २०२३ मध्ये उडान योजनेचा हिशोब मांडला. पहिल्या तीन फेऱ्यांमध्ये ७७४ मार्ग कंपन्यांना दिले होते. त्यातले ३७१ सुरू झाले. म्हणजे निम्म्याहून जास्त मार्गांवर विमानाचं चाक फिरलंच नाही. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी सरकारी मदतीची तीन वर्षं पूर्ण केली. आणि मदत संपल्यावर, मार्च २०२३ मध्ये, चालू होते किती? ५४. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न! शंभरातले सात. आपल्याकडे शंभर डोळे लावलेल्या बागेत सात वेली जगल्या तर नर्सरीवाल्याच्या दारात जाऊन बसू आपण. इथे मात्र नर्सरीवाला पुढच्या वर्षी नवीन रोपांचं उद्घाटन करतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात दहा वर्षांत आणखी १२० ठिकाणं जोडायची घोषणा झालीय. होऊ द्या, आनंदच आहे. पण आधीच्या मेलेल्या वेलींचं काय झालं ते कोणीतरी सांगा.

असं का होतं ते समजून घेऊ, कारण नुसत्या शिव्या देऊन उपयोग नाही.

योजना अशी आहे. एखाद्या छोट्या मार्गावर कंपनीला तोटा होणार हे उघड असतं. म्हणून ठरावीक सीट स्वस्त विकायच्या आणि त्यातली तूट सरकारने भरून द्यायची. जी कंपनी कमीत कमी भरपाई मागेल तिला मार्ग मिळतो, आणि तीन वर्षं त्या मार्गावर ती एकटीच. हा पैसा येतो कुठून? मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर एक आकार लावलाय, त्यातून मोठा वाटा. पाचातला एक वाटा राज्य सरकारचा. शिवाय राज्याने इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमन फुकट पुरवायचं. कल्पना वाईट नाही. तीन वर्षांत लोकांना सवय लागेल, विमानं भरतील, मग मदतीची गरज उरणार नाही, असं गृहीत धरलंय.

आता तुम्हीच सांगा, ज्या मार्गावर विमान कधी येतं कधी येत नाही, तिथे सवय लागते का? निफाड डेपोची गाडी आठवड्यातून दोनदा न सांगता रद्द झाली तर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही स्टँडवर जाल की थेट वडाप पकडाल? विमानाचंही तेच. मी स्वतः एकदा आदल्या रात्री साडेदहाला आलेला मेसेज वाचून दुसऱ्या दिवशीची कामं हवेत सोडलीत. कंपनीचं नाव घेत नाही, ते महत्त्वाचं नाही. पैसे परत मिळाले. पण पैसे परत मिळतात, दिवस मिळत नाही. पुढच्या वेळी मी नाशिकरोडवरून रेल्वेनेच गेलो. असे माझ्यासारखे चार जण गेले की कंपनी म्हणते, बघा, प्रवासी नाहीत!

दुसरी गोष्ट मुंबईची. मुंबई विमानतळावर उतरायला मिनिटा-मिनिटाचा भाव आहे. एकोणीस सीटचं विमान उतरवा की एकशे ऐंशी सीटचं, धावपट्टी तेवढाच वेळ अडते. मग विमानतळवाला छोट्याला कशाला जागा देईल? दिली तर अवेळी. पहाटे किंवा भर दुपारी. त्यामुळे लहान गावांची मुंबईची विमानं कायम रडतखडत चालली. आता नवी मुंबईचा विमानतळ झालाय, तिथे थोडी जागा मिळेल अशी आशा आहे.

पण माझं मत विचाराल तर, नाशिक-मुंबई विमान आपल्याला नकोच. हे ऐकून काही लोक चिडतील. सांगतो का ते, आणि त्यासाठी तुम्हाला जरा लांब, समुद्रात घेऊन जातो.

लक्षद्वीप. दहा बेटांवर माणसं राहतात, सगळी मिळून जमीन फक्त बत्तीस चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या तालुक्यातल्या दोन-तीन मोठ्या बाजारपेठांच्या गावांएवढी. अख्ख्या लक्षद्वीपमध्ये विमानतळ एकच, अगत्ती बेटावर. धावपट्टी साधारण बाराशे मीटर, दोन्ही टोकांना पाणी. ओझरच्या धावपट्टीच्या निम्मीसुद्धा नाही. तिथे पंख्याची विमानंच उतरतात, एटीआर. तीसुद्धा पूर्ण भरून नेता येत नाहीत, वजन कमी ठेवावं लागतं. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने सगळंच उलटं. विमान छोटं, त्यातही सीट रिकाम्या ठेवायच्या, प्रवासी मर्यादित, वर पर्यटकाला परवाना लागतो.

तरीही १९८८ पासून तिथे विमान जातंय. आधी वायुदूतची छोटी डॉर्नियर, नंतर बरीच वर्षं सरकारी मालकीची अलायन्स एअर कोचीवरून. कारण दुसरा मार्ग म्हणजे जहाज, आणि जहाजाला चौदा-अठरा तास किंवा जास्तही लागतात. पावसाळ्यात तर समुद्र सांगेल तसं. बाळंतपणात अडचण आली, हार्टचा पेशंट झाला, मुलाची परीक्षा कोचीला आहे, तर त्या माणसाने काय पोहत जायचं? तिथे विमान हवं का नको हा वादच नाही.

यात आपला मराठी मुलुख कुठे आला म्हणाल, तर इथे. मार्च २०२४ मध्ये गोव्यात फ्लाय ९१ नावाची प्रादेशिक विमान कंपनी सुरू झाली. एक्याण्णव म्हणजे आपल्या देशाचा फोनचा नंबर. तिचं उद्घाटनाचं पहिलं उड्डाण मोपावरून अगत्तीलाच गेलं. त्याच कंपनीची तीच एटीआर विमानं पुढे आपल्या सिंधुदुर्गला, आपल्या शेजारच्या जळगावला, आणि जून २०२५ मध्ये सोलापूरला जायला लागली. म्हणजे बेटाला जोडणारी आणि जळगावला जोडणारी कंपनी एकच, विमानही एकच. सरकारच्या फायलीतही दोन्ही एकाच योजनेत बसतात. पण दोघांची गरज एक आहे का?

सिंधुदुर्गचं बघा. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, मुंबईचं विमान सुरू झालं. त्या कार्यक्रमात स्टेजवर काय रंगलं होतं ते तुम्हाला आठवत असेल, विमानापेक्षा त्याचीच बातमी मोठी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये उडानची तीन वर्षं भरली आणि मुंबईची ती सेवा थांबली. बरोबर तीन वर्षं. गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याची गरज काय तीन वर्षांत संपली? गरज तशीच होती, संपला तो करार. आणि करार संपल्यावर काय करायचं हे योजनेत नीट लिहिलेलंच नाही.

हे दुसरीकडे कसं करतात? स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. तिथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये लोगनएअर कंपनीचं विमान जातं. वेळापत्रकातला प्रवास दोन मिनिटांचा. वारा बरोबर असला तर त्याहून कमी. जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण. विमानात प्रवासी सीट आठ, आणि पापा वेस्ट्रेवर राहणारी माणसं शंभरसुद्धा नाहीत. आपल्याकडच्या एखाद्या वस्तीएवढी. १९६७ पासून हे विमान चालू आहे. शिक्षक जातो, डॉक्टर जातो, पोरं जातात.

लोगनएअरवाले काही संत नाहीत. तिथे पद्धत वेगळी आहे. सरकार किंवा तिथली कौन्सिल आधी ठरवते की या बेटाला दिवसाला इतक्या फेऱ्या, एवढं भाडं, एवढ्या सीट हव्यातच. मग निविदा काढते, कमीत कमी मदत मागणाऱ्याला साधारण चार वर्षांचा करार देते. करार संपला की नवीन निविदा. कंपनी बदलली तर बदलली, विमान चालू राहतं. मार्ग कंपनीच्या मालकीचा नाही, तो लोकांचा. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. मार्ग कोणता हवा ते कंपनी निवडते, सरकार मदत देतं, आणि मदत संपल्यावर कंपनी मार्गासकट निघून जाते.

आपल्याला ही पद्धत अनोळखी नाही बरं का. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एसटी धावली तेव्हापासून "गाव तिथे एसटी" आपण ऐकतोय. पेठच्या किंवा सुरगाण्याच्या पाड्यावर मुक्कामी जाणारी गाडी नफ्यात असते का? कधीच नसते. पण ती बंद करायची म्हटलं की गाव डेपोवर येतं. एसटीची आजची अवस्था काय आहे ते सोडा, तो वेगळा आणि रडका विषय आहे.

आता परत ओझरला या. मी म्हणतो ती कसोटी साधी आहे: मधे समुद्र आहे का?

नाशिक आणि मुंबईच्या मधे समुद्र नाही. कसारा घाट होता, खड्डे होते, आहेत. पण जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. वंदे भारत नाशिकरोडला थांबते, पंचवटी आहे. ओझरला तासभर आधी जाऊन, चेकिंग करून, मुंबईत उतरून परत अंधेरीपासून फोर्टला ट्रॅफिकमध्ये जायचं, यापेक्षा गाडीने माणूस आधी पोहोचतो. अशा मार्गावर सरकारी मदत घालणं म्हणजे गोदावरीत पाणी ओतणं. एअर डेक्कनचं विमान टिकलं नाही याचं अर्धं कारण हेच होतं.

पुण्याचं थोडं अवघड आहे. अंतर कमी, रस्ता वाईट, रेल्वे अजून कागदावर. तिथे मागणी रेल्वेची हवी, विमानाची नाही.

पण बेळगाव? हसू नका. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी या पट्ट्यात आपली नातीगोती आहेत, व्यापार आहे. मनमाडवरून गोवा एक्सप्रेस आहे बेळगावला जाणारी, पण अख्खी रात्र आणि वर काही तास. हैदराबाद, बेंगळुरू? निफाड, पिंपळगाव, लासलगावची इंजिनिअर झालेली पोरं तिथे आहेत. दिवाळीला घरी यायचं म्हटलं की पुण्याला किंवा मुंबईला उतरून पुढे सहा तास. घरी म्हातारे आई-वडील, एकाला बरं नाही, फोन आला. त्या पोरासाठी मधे समुद्रच आहे. नागपूरचंही तसंच, समृद्धी झाली तरी दिवसभराचं अंतर आहे, आणि राज्याची उपराजधानी आहे ती. देवळालीच्या तोफखान्यातले जवान आणि एचएएलचे लोक देशभर येतात-जातात, त्यांना दिल्लीशिवाय चालत नाही. हे मार्ग बाजार चालवत असेल तर उत्तम, आज काही चालवतोय. ज्या दिवशी बाजार सोडून देईल त्या दिवशी सरकारने काय करायचं, हे आज लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो, कारण प्रत्येक भाषणात ती येते. "विमानसेवेमुळे आमच्या निफाडची द्राक्षं युरोपात जातील!" अहो, द्राक्षं जातायतच की. रेफर कंटेनरमध्ये, न्हावाशेव्यावरून, जहाजाने. किलोमागे विमानाचं भाडं परवडतं तरी का? आणि सत्तर सीटच्या एटीआरच्या पोटात सामान ठेवून किती जागा उरते? ओझरला मालवाहतुकीची सोय आहे, हॅल्कॉनची. तिथून जिवंत शेळ्या-मेंढ्या आखातात गेल्यात. ती सोय वाढवायचीच. पण तो वेगळा विषय, वेगळी विमानं. प्रवासी विमानाचं अनुदान शेतकऱ्याच्या नावाने मागू नका. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीवरून देशातली पहिली किसान रेल सुटली होती, तेव्हाही असंच ढोल-ताशे होते. पुढे ती नियमित राहिली नाही. शेतकऱ्याच्या नावाने सुरू झालेल्या किती गोष्टी चालू आहेत याची यादी काढायला बसलो तर दुसरी पोस्ट होईल.

यावर माझा एक मित्र, कांदा उत्पादक, म्हणतो, "दादा, तुझं विमान राहू दे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा लासलगावात आमचं जे झालं ते बघ. विमानाला मदत, आम्हाला बंदी!" त्याचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. निर्यातबंदीने ज्याचं नुकसान झालं त्याला विमानाच्या तिकिटाची सबसिडी समजावून सांगायची माझी छाती नाही. फक्त एवढंच म्हणेन, पैसा तर जातोच आहे. उडानमध्ये जातोय, टर्मिनलमध्ये गेला, आता कुंभासाठी ओझरचं टर्मिनल वाढवायचं, दुसरी धावपट्टी करायची, त्यातही जाणार. जाणारच असेल तर त्याचा हिशोब मागायचा का नाही? आणि हिशोब मागायचा हक्क सगळ्यात आधी कांदावाल्याचाच आहे, कारण त्याच्यासाठी पैसे नसतात असं त्याला सांगितलं जातं.

कुंभाचं बोललो म्हणून. २०२७ ला सिंहस्थ आहे. तेव्हा ओझरला विमानांची रांग लागेल यात शंका नाही. मोठे लोक, चार्टर विमानं, सगळं. पण सिंहस्थ संपल्यावर? वाढवलेल्या टर्मिनलमध्ये परत झाडूवाले? २०१४ चं आपण बघितलंय. शिवाय काकडीला शिर्डीचा विमानतळ आहे, २०१७ पासून. येवला आणि आपल्या पूर्व भागातल्या लोकांना तोही चालतो. एकाच पट्ट्यातले प्रवासी दोन विमानतळांत वाटले जातात. मग कंपनी दोन्हीकडे घासाघीस करते. दोन्ही विमानतळांचं वेळापत्रक एकत्र बसून ठरवायला कोणाची हरकत आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

आणि निफाडकरांनो, आपली खरी गंमत बघा. विमानतळ आपल्या शेजारी, अर्ध्या-पाऊण तासावर. पण निफाड स्टँडवरून विमानाच्या वेळेला धरून टर्मिनलच्या दारात जाणारी एसटी आहे का? रिक्षा किंवा गाडी करायची, आणि त्याचं भाडं ऐकून विमानाचं तिकीट स्वस्त वाटायला लागतं. नाशिक शहरातल्या माणसाला जे विमान आहे ते निफाड, चांदवड, येवल्याच्या माणसालाही आहे, हे वेळापत्रक करणाऱ्यांच्या डोक्यात यायला हवं. नांदूरमध्यमेश्वरला दरवर्षी हजारो मैलांवरून पक्षी वेळेवर येतात, ना अनुदान ना उद्घाटन. माणसाला मात्र ओझरला पोहोचायला वशिला लागतो.

सोलापूरचं उदाहरण आपल्यासमोर आहे. तिथल्या मुंबईच्या विमानासाठी राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून तूट भरून द्यायचं ठरवलं, एक वर्षासाठी, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टार एअरचं विमान सुरू झालं. म्हणजे राज्याची इच्छा असली तर होतं. पण परत तेच, एक वर्ष. एक वर्षात प्रवाशाला सवय लागायच्या आत करार संपतो. सोलापूरकरांना माझा सल्ला, आत्तापासून विचारायला लागा.

आपल्याकडे आता जिल्हा परिषदेपासून सगळीकडे मतं मागायला लोक येतील. ओझरच्या विमानाचं श्रेय पत्रकावर असेलच. त्यांना पुढचं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. ओझरवरून मदतीवर चालणारा मार्ग दिला तर करार किमान पाच वर्षांचा आणि दरवर्षी मदत थोडी थोडी कमी होणारा असेल का? करार संपायच्या सहा महिने आधी नवीन निविदा काढायची जबाबदारी कोणाची, नाव सांगा. महिन्यात किती फेऱ्या रद्द झाल्या याचा फलक टर्मिनलच्या दारावर लागेल का, आणि ठरावीक संख्येपेक्षा जास्त रद्द झाल्या तर त्या महिन्याची मदत कापणार का? विमानाची वेळ सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी असेल का, की कंपनीला मोकळं विमान मिळेल तेव्हा? निफाड आणि पिंपळगावच्या स्टँडवरून टर्मिनलला एसटी कधी?

यातला शेवटचा प्रश्न तर दिल्लीला न्यायचीही गरज नाही. डेपो मॅनेजरला अर्ज द्यायचा आहे. मी मसुदा तयार केलाय. सोमवारी सकाळी अकराला निफाड डेपोत घेऊन जाणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी यावं, आणि ज्यांची पोरं बेंगळुरू-हैदराबादला आहेत त्यांनी तर यावंच.